ओठ, दात आणि व्हाइट व्हॅन

सकाळी साडेसहाला घरातली बाकीची मंडळी दात घासतात, तेव्हा मी आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा असतो. दातांच्या फटीतून जिभेचं टोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणि त्यावरून सावकाश सोडलेली हवा. आरशावर तुषार उडतात. दाराबाहेरून विचारणा होते, “आत साप सोडलाय का?” साप नाही, इंग्रजी उच्चारांचा सराव आहे: ‘थिंक’मधला पहिला आवाज.

आपला थ वेगळा. थालीपिठातला थ म्हणताना जीभ दातांना चिकटून हवा पार अडवते आणि मग एकदम सोडते. तो लवंगी फटाका, वाजला की संपला. इंग्रजांचा थ म्हणजे गळका नळ. हवा अडत नाही, घासत राहते. ओळखायची खूण सोपी आहे: पाच सेकंद ओढता आला तर इंग्रजी, नाही आला तर थालीपिठाचा. तोच आवाज घशावर बोट ठेवून, घसा गुणगुणता ठेवून काढला की ‘दॅट’मधला द हाती लागतो.

एवढी शोभा झाल्यावर कळतं की हे काम मुळात तातडीचं नव्हतंच. वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा घोडं कुठे अडतं, हे भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली मांडलं. त्यात या थला चक्क सूट आहे. घोडं अडतं ते सुरुवातीच्या प, ट, क मधून हवा न सोडल्याने, आखूड-लांब स्वरांची सरमिसळ केल्याने आणि वाक्यातल्या भलत्याच शब्दावर जोर दिल्याने. म्हणजे बिनमहत्त्वाच्या विषयाचा अभ्यास आधी उरकायची आपली शाळेतली सवय अजून शाबूत आहे.

तर प. ख, ठ, फ असा हवा सोडायचा अख्खा कारखाना वर्णमालेत असून ‘पेन’ म्हणताना आपण हवा वाचवतो. मग इंग्रजाच्या कानाला ‘पॅट’चं ‘बॅट’ ऐकू येतं. औषध म्हणजे कॅलेंडरच्या जुन्या पानाची दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी. ती ओठांपुढे लोंबती धरायची आणि ‘पिन’ म्हणायचं. पट्टी पलीकडे उडाली पाहिजे. मग ‘स्पिन’ म्हणायचं. आता ती जवळपास ढिम्म राहिली पाहिजे, कारण सच्या पाठोपाठ आलेला प इंग्रजीतही हवा सोडत नाही. ‘ट’ आणि ‘क’ला पट्टी फारशी दाद देत नाही, तिथे तळहात धरावा. एक खड्डा मात्र आहे. हवा सोडायच्या नादात ‘पेन’चं ‘फेन’ होतं, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा फ हल्ली ओठ न मिटताच निघतो. प म्हणताना दोन्ही ओठ आधी घट्ट मिटलेच पाहिजेत. पट्टी उडाली म्हणून खूश होऊ नये, फुंकरीनेही ती उडते.

वेलांटीचं दुखणं जुनं. पहिली की दुसरी यात शाळेत मार्क गेले, तेव्हा वाटलं बोलताना कोण बघतं? इंग्रजी बघतं. ‘शिप’ म्हणजे जहाज, ‘शीप’ म्हणजे मेंढी. आणि नुसतं लांबवून भागत नाही. जहाजाच्या वेळी जीभ किंचित खाली, सैल, ‘ए’कडे झुकलेली हवी. मेंढीच्या वेळी ओठ फोटोला ताणतो तसे ताणायचे. मेंढीसाठी हसायचं, जहाजासाठी नाही.

पण माझा खरा वैरी व्ह. आपल्या वमध्ये खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो, ख्यालीखुशाली विचारतो आणि परत येतो. इंग्रजीला अशी मोघम भेट चालत नाही. ‘व्ही’ हवा असेल तर वरचे दात खालच्या ओठावर टेकलेच पाहिजेत आणि हवा त्यातून घासत गेली पाहिजे. फ्‌फ्‌फ् असं ओढत ठेवून मध्येच घसा चालू करावा, की झाला. ‘डब्ल्यू’ला दातांनी रजेवर जायचं. ओठांचा चंबू करून ऊ म्हणायचं आणि तिथूनच पुढच्या स्वरावर उडी मारायची: ऊ-इंडो, ऊ-ऑच.

हे जमलंही असतं, पण देवनागरीने घात केला. व्ही आला की व्ह लिहायचं (व्हॅन, व्होट, व्हिडिओ) आणि डब्ल्यू आला की नुसता व (वॉच, विंडो, वेटर), इथवर कारभार चोख. पण डब्ल्यूच्या शेपटीला एच दिसला की आपण पुन्हा व्हवर: व्हाइट, व्हील, व्हिस्की. लंडनच्या बोलीतला तो एच कधीच गळाला, काही स्कॉटिश मंडळी अजून आधी फुंकर घालतात. त्यामुळे ‘व्हाइट व्हॅन’ या दोन शब्दांत कागदावर व्ह दोनदा येतो, तोंडात मात्र आधी चंबू आणि मग चावा. ‘व्हेल’ लिहिलं तर तो देवमासाही असतो आणि नवरीच्या चेहऱ्यावरची जाळीही.

पणजोबांच्या पिढीचं बरं होतं, त्यांनी इंग्रजी कानाने उचललं. ऑफिसचं हापिस केलं, लॉर्डचा लाट केला. हसू नका, ‘लाट’मध्ये र नाही आणि दक्षिण इंग्लंडचा साहेबही त्या शब्दात र म्हणत नाही. आपण शिकलो डोळ्यांनी, म्हणून दिसेल ते अक्षर इमानाने वाजवतो. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बीसुद्धा. तो फ्रेंचमधून आलेल्या मूळ शब्दात नव्हताच. लॅटिनच्या अभिमानी पंडितांनी तो नंतर घुसवला आणि उच्चारात कुणीच घेतला नाही. अक्षरं २६ आणि ब्रिटिश धाटणीचे आवाज साधारण ४४, असा तोट्यातला संसार असल्यावर स्पेलिंगवर किती विसंबायचं?

त्यापेक्षा शब्दकोशातली ध्वनिलिपी बघावी. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७चा, म्हणजे सोय जुनीच आहे. दोन खुणा ओळखता आल्या तरी पुष्कळ. वरच्या बाजूला असलेली छोटी उभी रेघ म्हणजे तिच्या पुढच्या अक्षरावर जोर. आणि उलटा इंग्रजी ‘e’ म्हणजे आपला साधा, अंग चोरून बसलेला अ. मराठीत सगळ्या अक्षरांना साधारण सारखं वाढलं जातं, पंगतीसारखं. इंग्रजीत एकाला श्रीखंड आणि बाकीच्यांना वाटी चाटायला. ‘फोटोग्राफ’मध्ये श्रीखंड फोला, ‘फोटोग्राफर’मध्ये टॉला, ‘फोटोग्राफिक’मध्ये ग्रॅला. ‘डेव्हलप’मध्ये आपण डेला वाढतो, ते व्हेचं पान असतं. ‘कम्फर्टेबल’ची तर तीनच अक्षरं उरतात, कम्फ-ट-बल. रबरबँड दोन अंगठ्यांत धरून जोराच्या अक्षराला ताणावा, उरलेल्यांना सैल सोडावा. बसमध्ये करू नये, लोक जागा बदलतात.

परीक्षक म्हणून मी फोन ठेवलाय. बोललेलं टाइप करायची सोय सुरू करून, भाषा ‘इंग्रजी, भारत’ऐवजी ‘इंग्रजी, ब्रिटन’ ठेवायची, कारण पहिली आपल्याला सांभाळून घेते. वाक्य बोलायचं नाही, संदर्भावरून फोन अंदाज बांधतो आणि आपण उगाच पास होतो. सुटा शब्द म्हणायचा, त्याची जोडी म्हणायची. व्ही घालून ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन, डब्ल्यू घालून ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम. पहिला आठवडाभर फोन माझ्या बनियनला दिशा समजत होता. हल्ली दहापैकी सात वेळा बनियन बनियनच राहतं. उरलेल्या तीन वेळा ते मावळतीला जातं.