मनातला पत्ता डोळ्यांत दिसत नाही

बारच्या टेबलावर एक तरुण पोरगा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत रोखून बघतो, दोन-तीन आडवळणी प्रश्न विचारतो आणि त्याने पत्त्यांच्या कॅटमधला मनात धरलेला पत्ता सांगून मोकळा होतो. हा व्हिडिओ आणि त्याला चिकटवलेला मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: ही जादू नाही, शुद्ध मानसशास्त्र आहे. डोळ्यांच्या बारीक हालचालींवरून पत्ता कळतो. कॅट गिऱ्हाइकाचाच असतो, त्यामुळे हातचलाखीला वावच नाही. दोन पेग पोटात गेले की मन मोकळं होतं, म्हणून बारमध्ये हे जास्त जमतं. ज्याचा विश्वास नाही तो मन बंद करून बसतो, त्याच्यावर चालत नाही. आणि हीच विद्या शिकून तुम्हीही समोरच्याचं खोटं पकडू शकता.

नागपुरात सदर, धरमपेठ, वर्धा रोड या भागातल्या बारमध्ये टेबलाटेबलावर जाऊन मी हेच खेळ करतो. मजकूर लिहिणाऱ्याने एकही खेळ जवळून पाहिलेला दिसत नाही. खाली काही क्लृप्त्या उघड होतील. त्या पत्त्यांच्या जादूवरच्या जुन्या पुस्तकांत छापलेल्याच आहेत, तरी धंद्यातली मंडळी दोन दिवस तोंड फुगवतील. फुगवू देत.

आधी डोळे. आमच्याकडच्या बारमधला उजेड तुम्हाला ठाऊक आहे. त्या उजेडात बिलावरचा आकडा वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो, तिथे समोरच्याची बुबुळं काय वाचणार? शिवाय ‘वर उजवीकडे बघितलं म्हणजे माणूस खोटं बोलतोय’ हा जो दावा अशा मजकुरांतून हमखास येतो, तो २०१२ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. त्याला कसलाच आधार सापडला नाही. वाइझमन हे मुळात जादूगार, मानसशास्त्राकडे नंतर वळलेले. मग आम्ही डोळ्यांत बघतो कशाला? मी तुमच्या डोळ्यांत बघितलं की तुम्ही माझ्या डोळ्यांत बघता. तेवढ्या वेळात माझ्या हातांकडे कुणी बघत नसतं.

मानसशास्त्राचा संबंध अगदीच नाही, असंही नाही. बोलण्यातून आणि हातवाऱ्यांतून एखादा पत्ता समोरच्याच्या डोक्यात पेरता येतो का, हे लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाहिलं. हवेत चौकटचा आकार काढायचा, तीनचा इशारा करायचा, असा तो प्रकार. चौकटची तिर्री सुमारे १८ टक्के लोकांनी निवडली. नुसत्या योगायोगाने ५२ पत्त्यांत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत राहिलं असतं, म्हणजे परिणाम खरा आहे आणि मला तो थक्क करणारा वाटतो. पण धंद्याच्या हिशेबाने बघा. पाच टेबलांपैकी चारांवर तोंडघशी पडणार. चौथ्या टेबलापर्यंत मालक मला बाहेर काढेल. व्हिडिओत मात्र फक्त पाचवं टेबल दिसतं.

याउलट हाताने पत्ता गळ्यात मारण्याची जुनी पद्धत घ्या. बोटाखालून पत्ते भर्रकन सोडत जायचे आणि हवा तो पत्ता क्षणभर जास्त दिसेल एवढी फट ठेवायची. कॅनडातल्या जे ओल्सन आणि सहकाऱ्यांच्या २०१५ सालच्या अभ्यासात या पद्धतीने ९८ टक्के लोकांनी जादूगाराला हवा तोच पत्ता उचलला, आणि बहुतेकांना आपण मोकळेपणी निवडला असंच वाटलं. १८ कुठे आणि ९८ कुठे! पोट भरायचं असेल तर माणूस काय वापरेल?

‘कॅट गिऱ्हाइकाचा’ हा मुद्दा ऐकायला भक्कम वाटतो, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. एक तर बारमध्ये पत्ते घेऊन येतं कोण? टेबलावर कॅट दिसला की मालकाच्या पोटात जुगाराच्या केसचा गोळा येतो. मी पहिल्यांदा परवानगी काढतो ती याच भीतीपोटी. समजा कुणी कोरा कॅट आणलाच, तर सगळ्यात खालचा पत्ता ओझरता पाहिला की झालं. तुम्ही निवडलेला पत्ता वर ठेवला आणि कॅट कापला, की मी पाहिलेला पत्ता बरोबर त्याच्या डोक्यावर येऊन बसतो. आता तुम्ही कितीही वेळा कापा, जोडी तुटत नाही. फार तर एक वरच्या आणि एक खालच्या टोकाला जाईल. तयार कॅट वापरायचा तर सी स्टेबिन्सच्या नावाने ओळखली जाणारी रचना आहे: प्रत्येक पत्ता आधीच्यापेक्षा तीनने मोठा आणि किलवर, बदाम, इस्पिक, चौकट हे चक्र चालू. कापण्याने चक्र मोडत नाही. तुम्ही पत्ता काढला तिथून मी कॅट कापला आणि खालचा पत्ता पाहिला, की तुमचा पत्ता तोंडपाठ.

दारूचा मुद्दा वाचून मला खरंच हसू आलं. पिलेला माणूस हे आमचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. तो पत्ता बघतो, शेजाऱ्याशी बोलतो आणि विसरतो. शेवटी मी ‘इस्पिकची नव्वी’ म्हटलं की तो म्हणतो, “नाही बे, बदाम होता काहीतरी.” खेळ तिथेच मेला, माझं बरोबर असून उपयोग शून्य. म्हणून पत्ता सगळ्या टेबलाला दाखवायला लावतो, किंवा त्यावर मार्करने सही घेतो. लोकांना वाटतं सही म्हणजे जास्त कठीण अट. ती मुळात विसरभोळ्यांसाठीची सोय आहे. पुन्हा टेबलावर सांडलेली बिअर, सावजी रश्शाची बोटं, चिकटणारे पत्ते. दुसऱ्या-तिसऱ्या टेबलानंतर कॅट फेकून द्यावा लागतो. लक्ष वळवायचं तर आधी समोरच्याकडे लक्ष असावं लागतं, आणि चौथ्या पेगनंतर ते नसतं. मी रात्री साडेनऊनंतर काम घेत नाही.

आता शंकेखोर. मजकुरातलं सगळ्यात खोटं आणि सगळ्यात सोयीचं वाक्य हेच. प्रत्येक टेबलावर एक जण असतोच, हात बांधून बसलेला, “हौ ना बाप्पा, पाहिले लय असे” म्हणणारा. मी कॅट त्याच्याच हातात देतो. तो शुद्धीत असतो, पत्ता लक्षात ठेवतो, सूचना नीट ऐकतो. पत्ते जीव तोडून पिसतो आणि पिसण्यातच त्याची सगळी ताकद जाते. माझं काम पिसणं संपल्यावर सुरू होतं किंवा तो बघायला लागण्याआधीच उरकलेलं असतं. त्याच्या डोक्यात एक ठरलेली शंका असते, बहुतेक वेळा बाहीची. म्हणून मी अर्ध्या बाहीचा शर्ट घालतो. शेवटी टेबल त्याच्याकडे बघतं, माझ्याकडे नाही. त्याची भुवई वर गेली की बाकीच्यांना वेगळा पुरावा लागत नाही.

शिकलेला, चिकित्सक माणूस फसत नाही, असं मानणाऱ्यांनी ‘प्रोजेक्ट अल्फा’ आठवावा. १९७९ ते १९८१ या काळात जादूगार जेम्स रँडी यांच्या सल्ल्याने स्टीव्ह शॉ आणि मायकल एडवर्ड्स ही दोन पोरं अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवत राहिली. समोर पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता. शॉ पुढे बानाचेक नावाने याच धंद्यात नामांकित झाला.

‘अविश्वासामुळे चालत नाही’ या वाक्याचा खरा उपयोग एकच: चाचणी टाळणं. नागपूरला हा वाद नवा नाही. जानेवारी २०२३ मध्ये रेशीमबागेत लोकांच्या मनातलं दिव्यशक्तीने ओळखतो म्हणणाऱ्या बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींचा कार्यक्रम झाला, तेव्हा अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी दिव्यशक्ती सिद्ध करण्यासाठी ३० लाखांचं आव्हान दिलं होतं. कार्यक्रमात जादूटोणाविरोधी कायद्याचा भंग आढळला नाही, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. कायद्याचं काय ते असो, आव्हानाचा गाभा साधा होता: शंका घेणाऱ्यासमोर, त्याच्या अटींवर करून दाखवा. या मजकुराने दैवी शक्तीच्या जागी मानसशास्त्र लिहिलं आणि तीच अट आधीच रद्द करून टाकली.

राहिला खोटं पकडण्याचा क्लास. बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली शेकडो अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तरी ५० मिळतात. त्या चार टक्क्यांच्या भरवशावर बायकोवर किंवा नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या पोरावर संशय घ्यायचा असेल तर घ्या, पण पत्त्यांच्या खेळाला मध्ये ओढू नका.

आणि तरीही व्हिडिओतला पोरगा मन वाचतो असं वाटत असेल, तर पुढच्या वेळी कॅट टेबलावर येऊच देऊ नका. मनात पत्ता धरा, कुणाला सांगू नका, कुठे लिहू नका, त्याच्या प्रश्नांना उत्तर देऊ नका. पोरगा हुशार असेल तर अंदाजपंचे इस्पिकचा एक्का किंवा बदामची राणी म्हणेल, कारण लोक हेच दोन पत्ते जास्त धरतात. तुम्ही किलवरची सत्ती धरा.