खारी हवा आणि अँटेना

एका लेखात वाचलं की छपरावर बरा अँटेना लावला की डिजिटल दूरदर्शन दिसतं, बरोबर आहे, पण किनाऱ्यावरच्यांसाठी थोडं अजून सांगतो. २०१६ ला मुंबईसकट १६ शहरांत डीव्हीबी-टी२, म्हणजे टॉवरवरून थेट अँटेनावर येणारं डिजिटल प्रसारण, सुरू झालं, वरळीचा दूरदर्शनचा टॉवर ३०० मीटर उंच, किहीम-मांडव्यावरून बघितलं तर मधे नुसतं पाणी, सिग्नल थेट येतो, पण डोंगराआड रोहा-माणगावकडे गेलात की बूस्टर (सिग्नल वाढवणारं यंत्र) लावूनही उपयोग नाही, मुळात सिग्नलच नसेल तर बूस्टर नुसती खरखर वाढवतो. आणि पूर्वीसारखं मुंग्या आल्या तरी चित्र दिसायचं तसं डिजिटलला नसतं, चौकोन फुटतात आणि मग एकदम काळं.

आमच्याकडे खरा त्रास खाऱ्या हवेचा. अँटेनाचा कनेक्टर उघडून बघा, तांब्याची तार हिरवी पडलेली असते. तेवढा तुकडा कापा, नवीन कनेक्टर लावा, वर रबरी टेप घट्ट गुंडाळा, आणि केबलला खाली झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकतं. समोर झावळ्या असतील तर अँटेना वर घ्या, ओल्या पानांत सिग्नल जिरतो.

फ्री डिश (दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी मोफत सेवा) आहे मग टॉवर कशाला म्हणणाऱ्यांनी जुलैमधे इकडे यावं, मुसळधार पावसात डिशचा सिग्नल जातोच, नेमकी हवामानाची बातमी हवी तेव्हा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं तेव्हा मोबाईलही बंद पडले होते. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गाला डिजिटल ट्रान्समीटर द्यायलाच पाहिजेत.