‘मन स्वच्छ असेल तर लपवायचे कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की स्वच्छ मनाच्या माणसापाशी गुपिते नसतात, न सांगणे हा खोटे बोलण्याचाच प्रकार आहे, खऱ्या नात्यात आडपडदा नसतो आणि गुपित मनाला पोखरते म्हणून ते सांगून टाकावे. शेवटी ‘चोराच्या मनात चांदणे’ ही म्हणही जोडलेली असते.

पहिले विधान मानले, तर गुप्त मतदान करणारा प्रत्येक जण संशयित ठरेल. ब्रिटनमध्ये १८७२ च्या कायद्यापूर्वी मत सर्वांदेखत नोंदवावे लागे, त्यामुळे कुळाने कोणाला मत दिले हे जमीनदाराला कळे आणि त्याची किंमत कुळाला मोजावी लागू शके. ही गुप्तता अपराध्यासाठी आणलेली नव्हती. ज्याच्यावर दडपण येऊ शकते त्याच्यासाठी होती. घरात मार खाणारी स्त्री बाहेर पडण्याच्या तयारीत असताना ओळखपत्रांच्या प्रती, थोडे पैसे आणि मैत्रिणीचा पत्ता लपवून ठेवते. तिच्या मनात कोणते चांदणे शोधायचे?

दुसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. जी गोष्ट न कळल्याने ऐकणाऱ्याचे नुकसान होणार असते, तिच्याबाबत मौन ही फसवणूकच असते. जोडीदाराला अंधारात ठेवून घर गहाण टाकणारा एक शब्दही खोटा न बोलता त्याला फसवतो. धूम्रपानाचे धोके ठाऊक असूनही सिगारेट कंपन्यांनी लोकांची दशकानुदशके दिशाभूल केली, असा निर्णय अमेरिकेतील न्यायालयाने २००६ मध्ये दिला, तोही याच जातीच्या लपवाछपवीबद्दल होता. परंतु आपला गर्भपात, आपले जुने आजारपण किंवा आपली श्रद्धा सहकाऱ्यांना न सांगणारी व्यक्ती त्यांचे काहीही हिरावून घेत नाही. काय लपवले एवढेच पाहून न्याय करता येत नाही. कोणापासून लपवले आणि त्याचा त्या माहितीवर हक्क होता का, हे आधी विचारायला हवे.

नात्यातल्या आडपडद्याबद्दल एवढेच, की मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट माझ्या मालकीची नसते, त्यामुळे ती घरी सांगण्याची मुभाही मला नसते.

शेवटचे विधान अर्धेच खरे आहे. मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या संशोधनात असे दिसले, की माणसाच्या स्वास्थ्याला बाधा येते ती समोरच्यापासून गोष्ट लपवण्याच्या क्षणांमुळे तेवढी नव्हे, जेवढी लपवण्याची वेळ नसतानाही मन पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळत राहिल्यामुळे. यावर चारचौघांत सगळे उघड करणे हा उपाय ठरत नाही, कारण एकदा बाहेर पडलेली गोष्ट परत घेता येत नाही. ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशा एखाद्या माणसाशी बोलता आले तर मनातली ती घालमेल कमी होऊ शकते, आणि डॉक्टर, वकील व समुपदेशक यांच्यावर गोपनीयतेचे बंधन असते तेही लोकांना त्यांच्याशी असे मोकळेपणाने बोलता यावे यासाठीच.