नाच बसवणारीचं नाव कुठं गेलं?

सकाळी चहा घेता घेता एका कॉलेजच्या पेजवर फोटो पाहिला आणि डोकं फिरलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, उद्या दुसऱ्या कॉलेजचा असाच फोटो येईल. विद्यापीठाच्या नृत्य स्पर्धेतली ढाल मधोमध. तिच्याभोवती प्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी, सांस्कृतिक विभागाचे सर आणि सफारीतले एक गृहस्थ, जे कोण हे मला अजून कळलेलं नाही. खाली अभिनंदनाचा मजकूर, सगळ्यांची नावं पदांसकट. जिनं नाच बसवला तिचं नाव नाही. फोटोतही ती नाही.

ती कुठं होती ते मला माहीत आहे. माझ्या दुकानात लुगडी मोजून परत देत होती.

बरं, स्पर्धा कसली? तर नवोदित नृत्यदिग्दर्शकांसाठी! नाच विद्यार्थ्यानंच बसवलेला हवा, बाहेरून पैसे देऊन माणूस आणायचा नाही, ही मुख्य अट. नाच संपला की परीक्षक बसवणाऱ्याला पुढं बोलावून विचारत होते, हे असं का केलं, इथं थांबलात का. इतकी चांगली स्पर्धा मी तरी आपल्याकडे फार पाहिलेली नाही. आणि कॉलेजनं त्यातून नेमकी तीच एक व्यक्ती गाळली.

नागपूरच्या महाल भागात माझं ड्रेपरीचं, म्हणजे नाच-नाटकाचे कपडे भाड्यानं द्यायचं दुकान आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. गॅदरिंगचे दिवस आले की पोरांची रीघ लागते. जरीच्या नऊवाऱ्या, कोळ्यांचे रुमाल, भांगड्याच्या पगड्या. ही पोरगी आली आणि विचारते काय, "काका, माणसांचे जुने फुल शर्ट आहेत का? रंग गेलेले?"

मी म्हटलं, नऊवारी दाखवतो, नवीन माल आलाय.

"नाही जी. निंदणाच्या बाया काय जरी घालून जातात?"

निंदण म्हणजे पिकातलं तण काढणं. विदर्भातल्या शेताच्या बांधावर जो एकदा उभा राहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, डोक्याला दुपट्टा आवळलेला. आता असे शर्ट भाड्यानं कोण ठेवतं? ते तिनं जुन्या कपड्यांच्या बाजारातून उचलले. माझ्याकडून नेली फक्त साधी सुती लुगडी, आणि त्यावरही घासाघीस केली.

लुगडी माझी म्हणून मी बघायला गेलो. पोरी जवळजवळ सगळा वेळ उकिडव्या. एका रांगेत, प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे निंदायचा पट्टा. हातात विळा नाही, खुरपं नाही, नुसती मनगटाची चाल. गाणं नाही. बांगड्यांचा आवाज आणि पाय सरकल्याचा आवाज, तोच ताल. मग एक जण मागं पडते. बाकीच्या पात संपवून बांधावर उभ्या राहतात, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ करतात. कोणी कोणाकडे बघत नाही. आणि मग एकेक वळते, खाली बसते आणि मागं राहिलेलीची पात दुसऱ्या टोकाकडून निंदायला घेते. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, कोण्या पोरीची आई असाव्यात. त्या हळूच म्हणाल्या, "असंच असते जी."

वीस वर्षांची पोरगी हे कुठून आणते हो? बीकॉमला आहे. तिनं मला सांगितलं, आजीसोबत सुट्टीत निंदायला जायची.

हा नाच दुसरीकडे घालणार कुठं, सांगा. युवा महोत्सवात नाच म्हटलं की समूह लोकनृत्य, नाहीतर एकल शास्त्रीय. हा दोन्हीत बसत नाही. लोककलेतली दंडार म्हणावी तर दंडार नाही, कथक तर नाहीच. म्हणून अशा स्पर्धा हव्यात. आणि म्हणूनच त्या फोटोचा राग येतो.

कॉलेजनं हॉल दिला, प्रवेश फी भरली, गाडी दिली. मान्य. नाचणाऱ्या पोरींनी घाम गाळला, तेही मान्य. पैसे घेऊन गॅदरिंगचे नाच बसवणाऱ्या क्लासवाल्यांनाही पोट आहे, त्यातले निम्मे माझेच गिऱ्हाईक आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

पण नाटकाकडे बघा ना. पुण्यात कॉलेजांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे, तिथं लेखनाला बक्षीस, दिग्दर्शनाला बक्षीस, आणि पोरं ती नावं वर्षानुवर्षं घोकतात. पुणं राहू द्या. आपल्या पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकं घ्या. दिवाळीनंतर वडशाकडे माझा माल जातो, तिथल्या हँडबिलावर लेखक, दिग्दर्शक, ऑर्गनवाला, तबलावाला, सगळे असतात. रात्रभर धानाच्या बांधीत बसणारा शेतकरी ऑर्गनवाल्याचं नाव वाचतो, आणि तुमच्या एवढ्या मोठ्या कॉलेजला एका पोरीचं नाव टाइप करता येत नाही?

नाचाचं हे दुखणं जुनंच आहे म्हणा. फिल्मफेअरनं नृत्यदिग्दर्शनाला वेगळा पुरस्कार 1989 मध्ये दिला, पहिला सरोज खान यांना. तोवर सिनेमातले नाच काय आपोआप होत होते? पण कायदा तरी शहाणा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरलेली आहे, फक्त ती लिहून किंवा कुठल्याही तऱ्हेनं नोंदवून ठेवलेली हवी. म्हणजे पोरांनो, मोबाइल स्टँडवर लावा, पूर्ण नाच एका दमात शूट करा, सुरुवातीला नाव आणि तारीख बोला. तुमचं नाव कॉलेज लिहील याची वाट बघत बसू नका. पुढच्या वर्षी तेच कॉलेज तोच नाच दुसऱ्या पोरींकडून करवून घेईल आणि तुम्ही पास होऊन गेलेल्या असाल.

बघा, परत तापलो. बायको म्हणते, तुला काय पडलंय, तुझं भाडं मिळालं ना? मिळालं. ती पोरगी तर तेवढीही चिडलेली नव्हती. लुगडी घड्या घालून आणली होती, एकाच्या पदराला चिखलाचा डाग होता, मुद्दाम लावलेला, तो धुऊनही गेला नव्हता म्हणून ती माझीच माफी मागत होती. मी विचारलं, परीक्षकांनी काय विचारलं ग तुला? तर एकदम खुलली. "काका, त्यांनी विचारलं, शेवटी मागं राहिलेली उभी का राहत नाही?" आणि मग दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ती अर्धा तास मला समजावत होती. उत्तर मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे.

प्राचार्य साहेब, सर, सफारीवाले, कोणी वाचत असाल तर पोस्ट एडिट करायला एक मिनिट लागतं. प्रमाणपत्रावरही "नृत्यदिग्दर्शन" अशी एक ओळ छापायला शाई फार जात नाही.

आणि माझ्या हातात आहे तेवढं मी करतो. या सीझनपासून माझ्या पावतीवर कॉलेजच्या नावाखाली नवीन रकाना: नाच कोणी बसवला. तो विद्यार्थी असेल आणि स्वतः दुकानात आला तर भाडं अर्धं. सरांनी फोन करून सांगितलं तर पूर्ण. डिपॉझिट मात्र सगळ्यांना, आणि जरीत सेफ्टी पिना टोचल्या तर कापणार म्हणजे कापणार.