लेपो माशाचं उदाहरण हवं होतं
माशांच्या थायरॉइडवरच्या लेखात, माणसाप्रमाणे माशांतही टीआरएचमुळे (मेंदूतला हार्मोन) टीएसएच (थायरॉइडला चालना देणारा पिट्युटरी ग्रंथीचा हार्मोन) वाढतं, असं सरसकट म्हटलंय, ते खटकलं. बऱ्याच माशांत तसं दिसत नाही; कोहो सॅल्मनमध्ये तर हे काम सीआरएच (मेंदूतलाच दुसरा हार्मोन) करतं. रक्तात टी४ (थायरॉइडचा हार्मोन) वाढलं की पिट्युटरी टीएसएच आवरतं घेते, एवढं मात्र बरोबर. पण त्याचं जास्त प्रभावी रूप, टी३, मुख्यतः यकृतासारख्या अवयवांत टी४पासून बनतं, त्यावर एक ओळही नाही! शिवाय बहुतेक माशांत थायरॉइडची एकसंध ग्रंथी नसतेच, घशाखाली पुटिका (हार्मोन बनवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) विखुरलेल्या असतात.

आम्हा गोंयकारांना लेपो, म्हणजे आमच्याकडचा चपटा मासा, सांगितला असता तर चटकन कळलं असतं. चपट्या माशांच्या पिल्लांचे डोळे आधी दोन बाजूंना असतात, मग एक सरकून दुसऱ्याशेजारी येतो. तो सरकवण्यामागे थायरॉइडचेच हार्मोन असतात.