चिथावणीखोर ठरू नये म्हणून

हिंगणा एमआयडीसीत नवीनच लागलात? मग एक गोष्ट ध्यानात ठेवा. पगार रखडला, बोनस कापला, कंत्राटी पोरांना ब्रेक दिला, याने कामगाराचं डोकं कधी फिरत नसतं. ते कोणीतरी फिरवतो. तो शोधून काढणं हे व्यवस्थापनाचं काम, आणि तो आपण नसणं हे तुमचं.

तेव्हा गेटसमोरच्या टपरीवर तर्री-पोहे एकट्यानेच खा. चौघं जमले की गेट मीटिंग होते. कोणी "काऊन बे, पगार कधी होते?" असं विचारलं तर पोह्यांकडे बघा. "काय माहीत" एवढंच म्हणालात तरी कंपनीच्या आरोपपत्रात ते "व्यवस्थापनाविषयी असंतोष पसरवणारे वक्तव्य" होऊन येतं.

मारबतीची रजा तर फार जपून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या नागपूरला मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, पाहायची असते हे खरं, पण नव्या औद्योगिक संबंध संहितेत निम्मे किंवा त्याहून जास्त कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तर तो संपच. म्हणून अर्ज लिहिताना शेजाऱ्याच्या कागदात डोकावू नका. मिरवणुकीत एखाद्या बडग्याचा, म्हणजे टिंगलीच्या पुतळ्याचा, चेहरा मॅनेजरसारखा वाटला, तर हसू दाबून दुसऱ्या गल्लीने घरी जा.

कायदेशीरच संप करायचाय? सोपं आहे. 14 दिवस आधी नोटीस द्या. नोटीस मिळाली की सरकारचे समेट अधिकारी दोन्ही बाजूंची बैठक बोलावतात. बैठक झाली की समेटाची कार्यवाही सुरू, आणि ती चालू असताना, शिवाय संपल्यावर सात दिवस, संप बेकायदा. (मी फक्त कायदा सांगतोय, चिथावत नाहीये. नोंद असू द्या.)

भावही वाढलाय. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात बेकायदा संपावर जाणाऱ्याला 50 रुपयांपर्यंत दंड होता, चिथावणाऱ्याला 1,000 पर्यंत. म्हणजे एक बोलणारा बरोबर वीस संपकरी. नोव्हेंबर 2025 मध्ये संहिता लागू झाली आणि चिथावणाऱ्याचा दंड 10,000 ते 50,000 वर गेला. महागाई भत्ता एवढ्या वेगाने वाढल्याचं ऐकिवात नाही.

नागपूरचं वळणच वाईट, दुसरं काय! 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि त्याच साली मजुरीच्या दरावरून संप झाला. देशातल्या अगदी पहिल्या संपांत तो मोजतात. तेव्हा एचआर नव्हतं, त्यामुळे कोणी चिथावलं ते ठरवायचं राहून गेलं.

एवढं सांभाळूनही आरोपपत्र आलंच, तर घाबरू नका. चौकशी अधिकारी कंपनीच नेमते, त्याची फीही कंपनीच भरते, तुम्हाला एक पैसा खर्च नाही. साक्षीला गेटवरचा गार्ड येईल. तुम्ही काय बोललात ते त्याला ऐकू आलेलं नसतं, पण तुमचे हातवारे त्याच्या पक्के लक्षात असतात. निलंबनात पहिले 90 दिवस निम्मा पगार मिळतो, पुढे पाऊण. अट एवढीच की चौकशीला उशीर तुमच्यामुळे झालेला नसावा. तेव्हा उलटतपासणीत त्या गार्डला फार प्रश्न विचारत बसू नका.