पाइप लांब नेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही

किनाऱ्यावरच्या शहरात सांडपाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "समुद्र केवढा मोठा आहे, त्याला काय फरक पडतोय!" जाळीने कचरा अडवायचा, रेती खाली बसवायची आणि उरलेला मैला पाइपने आत नेऊन सोडायचा, झालं काम. मला हे अजिबात पटत नाही.

त्यात तथ्य आहे तेवढं सांगते. खारं पाणी आणि ऊन यामुळे मैल्यातले बरेच जिवाणू काही तासांत, फार तर काही दिवसांत मरतात, आणि प्रवाह चांगला असेल तर मैला पातळही होतो. पण विषाणू जास्त टिकतात, नायट्रोजन तर कुठे जातच नाही, बंदिस्त खाडीत त्याच्यावर शेवाळ माजतं, ते कुजायला लागलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

कॅनडातलं व्हिक्टोरिया, चांगलं श्रीमंत शहर, २०२० पर्यंत मैला नुसता जाळीतून गाळून समुद्रात सोडत होतं! समोरच्या अमेरिकी किनाऱ्यावरचे लोक वर्षानुवर्षं तक्रार करत होते, तेव्हा कुठे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट झाला. उलट बोस्टन बघा. सांडपाणी समुद्रात नेणारा त्यांचा बोगदा तर १५ किलोमीटर लांब आहे, २००० साली सुरू झाला, पण त्यातून बाहेर पडतं ते जैविक प्रक्रिया झालेलं पाणी. तेही कोर्टाने बडगा उगारला म्हणून, हे वेगळं.

ही जैविक प्रक्रिया काही नवीन शोध नाही. १९१४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मैल्यात हवा सोडत राहिलं आणि खाली बसलेला गाळ फेकून न देता परत टाकीत घेतला, तर त्यातले जिवाणूच घाण खातात. आजही असंख्य प्लांट ह्याच पद्धतीवर चालतात. हवेच्या टाकीतलं तपकिरी पाणी लिटरभर काचेच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास ठेवतात, जिवाणूंची तब्येत चांगली असेल तर गाळाचे पुंजके जमून सावकाश खाली बसतात आणि वर नितळ पाणी राहतं, दुर्गंधी नाही, ओल्या मातीसारखा वास येतो. गाळ बसेना, वरचं पाणी गढूळ राहिलं की ऑपरेटरला लगेच कळतं, कुठेतरी बिघडलंय.

हे सगळं हवेवर चालतं म्हणजे विजेवर, प्लांटच्या बिलातला मोठा वाटा टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे ब्लोअरचाच असतो. म्हणून बिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवले की प्लांट कागदावर चालू आणि टाकीत जिवाणू मेलेले.

किनाऱ्यावर अजून एक दुखणं असतं ज्यावर कुणी बोलत नाही. पाइपांचे जोड फुटके असले की भरतीला खारं पाणी आत शिरतं, पंपांवरचा भार वाढतो, समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, त्याचं पुढे आम्ल होऊन काँक्रीटचा पाइप वरच्या बाजूने खाल्ला जातो. शिवाय एवढं शुद्ध केलेलं पाणी खारट निघालं तर बागेला पण घालता येत नाही, म्हणजे पुनर्वापराचं नाव काढायला नको.

तेव्हा नवीन प्लांटची घोषणा झाली की नुसती क्षमता ऐकून टाळ्या वाजवू नका, विचारा. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यात उरलेली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, किती? तो रोज जाहीर करणार का? जुने फुटके पाइप कधी बदलणार? आणि मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर प्लांटला न पेलणारा मैला नेमका कुठल्या नाल्यात सोडणार?